तारुण्य, स्वत्व आणि आपले वाङ्मय
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालक व तरुण मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी गतकालाचे सिंहावलोकन करावे, ज्या वडीलधाऱ्यांनी चिऱ्यावर चिरा ठेवून हे मंदिर उभे केले त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करावे, हे योग्यच आहे. आणि ते कार्य आजचे इतर वक्ते आमच्याहून अधिक अधिकाराने करितील. आमच्या वाट्यास आलेला विषय मात्र पुढे पाहण्याचा आहे. ह्या मंदिराच्या शेवटच्या बाकांवर, आणि पुष्कळदा दाराबाहेरच्या पायऱ्यांवर, जी तरुण मंडळी मिस्साच्या वेळी उभी असतात, त्यांच्या मनात काय चालले असते, आणि माणूस म्हणून व ख्रिस्ती म्हणून प्रौढ होण्यास त्यांना आपले वाङ्मय कोणते साहाय्य करू शकेल, ह्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या ह्या मालवणी मुलुखात अनोळखी मुलगा वाटेत भेटला की म्हातारी माणसे त्यास प्रथम विचारतात, "तू कोणाचो झील?" मुलगी असली तर, "कोणाचा चेडू?" प्रश्न मायेचा असतो. मुलगा बापाचे नाव सांगतो, वाडीचे नाव सांगतो, आणि म्हातारीच्या मनात त्याची जागा ठरून जाते. तोच मुलगा पुढे मुंबईस जातो, तेव्हा तेथे त्यास विचारतात, "काम काय करतोस?" ह्या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, तो त्यास कोणीच मोठ्याने विचारीत नाही, तो स्वतःच रात्री अंथरुणावर पडून स्वतःला विचारीत असतो. तो प्रश्न म्हणजे, "मी कोण?" बापाचे नाव सांगून ह्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, आणि पगाराचा आकडा सांगून तर मुळीच होत नाही. वयात येणे म्हणजे केवळ मिसरूड फुटणे किंवा उंची वाढणे नव्हे. हा प्रश्न मनात उपजणे आणि त्याचे उत्तर शोधण्याचे धैर्य येणे, ह्यासच आम्ही वयात येणे असे म्हणतो.

आपल्या मुलांस हा प्रश्न इतरांहून काहीसा अधिक अडचणीचा जातो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. घरात मालवणी किंवा कोंकणी, शाळेच्या पुस्तकात मराठी, आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचे आयुष्य विभागलेले असते. आपला मुलगा गोव्यात गेला तर महाराष्ट्रातला ठरतो, आणि मुंबईत गेला तर आडनाव ऐकताच "गोव्याचा का?" असे त्यास विचारतात. वर्गातील एखादी मैत्रीण कोणताही दुष्ट हेतू मनात न धरिता आपल्या मुलीस म्हणते, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुझे मराठी इतके चांगले कसे?" ह्या एका वाक्यात मुलीची प्रशंसाही आहे आणि तिला घराबाहेर उभे करणेही आहे. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. आपला धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन स्थापिला गेला. नावे नवी आहेत, परंतु माणसे जुनी आहेत. आणि ज्या माणसांस आपले जुनेपण ठाऊक नसते, त्यांस परक्याने दिलेले नाव निमूटपणे स्वीकारावे लागते.

तर मग ह्या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे? प्रथम आपण शुभवर्तमानाकडेच वळू. आपल्या प्रभूच्या बालपणानंतर आणि त्याच्या सार्वजनिक कार्यापूर्वी जी दीर्घ वर्षे गेली, त्यांतील एकच प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, सांगितला आहे. आणि तो प्रसंग नेमका बारा वर्षांच्या वयाचा आहे. वल्हांडणाच्या सणाहून परतताना आईबाप एका दिवसाची वाट चालून जातात, मग मुलगा सोबत नाही हे त्यांच्या ध्यानात येते. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. तो तेथे काय करीत होता? गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. आई आपली व्यथा बोलून दाखविते, मुलगा उत्तर देतो, आणि ते उत्तर आईबापांस कळत नाही, असे शुभवर्तमानकार स्पष्ट लिहितो. तथापि माता मरिया ते सर्व अंतःकरणात जतन करून ठेविते. मुलगा घरी परत येतो, त्यांच्या आज्ञेत राहतो, आणि ज्ञानाने व शरीराने वाढत जातो. पालकहो, पवित्र कुटुंबातदेखील मुलाचे बोलणे आईबापांस न कळण्याचा दिवस आला होता, हे ध्यानात घ्या. न कळणे हा दोष नव्हे. मुलगा प्रश्न विचारू लागला म्हणून तो हरवला असे समजणे, हा मात्र दोष होय. कारण ज्या ठिकाणी तो प्रश्न विचारीत होता, त्याच ठिकाणी तो सापडला.

आता आपल्या वाङ्मयाकडे येऊ. मराठी वाङ्मयाच्या घरी आपण ख्रिस्ती लोक पाहुणे आहोत, अशी जी समजूत पुष्कळांच्या, आणि दुर्दैवाने आपल्याही, मनात आहे, ती दूर करण्यास एक ग्रंथ पुरेसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, आणि १६१९ साली मरण पावेपर्यंत त्यांनी आपले आयुष्य ह्याच किनाऱ्यावर, मुख्यत्वे साष्टीत, वेचिले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा व दुसऱ्यात प्रभूचे चरित्र, अशी त्याची मांडणी असून ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार आहे. देवनागरी खिळे हाताशी नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. परंतु भाषा मराठी, आणि छंद ज्ञानदेव-एकनाथांच्या परंपरेतला ओवीचाच. ह्या काव्याच्या प्रारंभी एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींजवळ अशा आशयाची विनंती करितो की, आमची जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? त्या प्रश्नात मोठे मर्म आहे. नियम व प्रश्नोत्तरे पाठ करून मनुष्याचे पोट भरत नाही. त्यास कथा हवी असते, स्वतःच्या भाषेत हवी असते, आणि जी आपण चारचौघांत मान वर करून ऐकू शकू अशी हवी असते. फादर स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाचा राग मानिला नाही; त्यांनी उत्तरादाखल ग्रंथ लिहिला.

आणखी एक गोष्ट पाहा. त्याच फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ती सिद्धांतांची प्रश्नोत्तरी मात्र कोंकणीत लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. कोंकणीचे त्यांचे व्याकरण १६४० साली निघाले. म्हणजे प्रार्थना व धर्मशिक्षण घरच्या बोलीत, आणि काव्य त्या काळच्या ग्रंथभाषेत, असा दोन्ही भाषांचा मान त्यांनी एकाच हाताने राखिला. मालवणी की मराठी, कोंकणी की मराठी, असा वाद घालून मुलास एका भाषेची लाज वाटावयास लावणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा. भाषेची लाज वाटावयास लाविल्याने काय होते, हेही इतिहासाने दाखविले आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान काढिले. राजसत्ता गेली, फर्मान गेले, आणि भाषा मात्र आयांच्या तोंडी राहिली. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, परंतु मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते जपून ठेविली. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे नवी आवृत्ती काढिली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणिले. वर्गातील त्या मैत्रिणीस आपल्या मुलीने रागावून उत्तर देण्याचे कारण नाही. १६१६ हे एक साल तिला ठाऊक असले म्हणजे पुरे.

परंतु आपण कोणाचे, हे समजले म्हणजे आपण कोण, हे समजलेच असे नाही. त्यासाठी एका माणसाचे मन कसकसे घडत गेले ह्याची खरी कथा वाचावी लागते. अशा कथांत लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रास मराठीत तोड नाही. लक्ष्मीबाई वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. टिळकांचा जन्म आपल्याच कोकणातला, १८६१ चा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, परंतु केवळ पतीच्या मागे जावयाचे म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. सोवळेओवळे व जातिभेद ह्यांविषयी त्यांनी स्वतःशी झगडा केला, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळक दांपत्य आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते, हे आम्ही जाणतो; तथापि श्रद्धा ही उसनी घेता येत नाही, ती स्वतःची व्हावी लागते, हे शिकण्यास ह्याहून सरस पुस्तक आम्हांस ठाऊक नाही. दृढीकरणाचा संस्कार आपण मुलांस देतो, तो तरी कशासाठी? बाप्तिस्म्याच्या वेळी जे 'होय' आईबापांनी व धर्ममातापित्यांनी मुलाच्या वतीने म्हटले, ते त्याने आता स्वतःच्या तोंडाने म्हणावे ह्यासाठीच ना? मग ते 'होय' म्हणण्यापूर्वी त्यास विचार करू देण्याचे भय का वाटावे?

येथवर आम्ही तरुणांविषयी बोललो. आता वडीलधाऱ्यांविषयी बोलले पाहिजे. ह्याच किनाऱ्यावर, शिरोड्याच्या शाळेत, वि. स. खांडेकर १९२० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शिक्षक म्हणून आले, आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. 'दोन ध्रुव' व 'उल्का' ह्या त्यांच्या कादंबऱ्या त्याच काळात प्रसिद्ध झाल्या. पुढे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ययाति' ह्या कादंबरीस १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कथेचे मूळ महाभारतातले. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला ययाती राजा आपल्या पुत्रांजवळ त्यांचे तारुण्य मागतो. इतर नाकारितात, आणि धाकटा पूरू आपले तारुण्य बापास देऊन त्याचे वार्धक्य आपल्या अंगावर घेतो. ही कथा ऐकून आपण म्हणतो, असा बाप कोठे असतो? पालकहो, असा बाप घरोघरी असतो. ज्यास स्वतःस बोटीवर जावयाचे होते आणि जाता आले नाही, तो मुलास बोटीवर पाठवितो. जिला परिचारिका व्हावयाचे होते, ती मुलीच्या चित्रकलेच्या वह्या माळ्यावर टाकिते. आपली राहिलेली इच्छा मुलाच्या आयुष्यात पुरी करून घेणे म्हणजे त्याचे तारुण्य मागून घेणेच नव्हे काय? आणि आपली मुले बहुधा पूरूप्रमाणेच आज्ञाधारक असतात; ती देऊन टाकितात. महाभारतातील ययातीस अखेर उमज पडला व त्याने तारुण्य परत केले, हे विसरू नये.

आता ह्या बापाशेजारी लूकच्या पंधराव्या अध्यायातील बाप उभा करून पाहावा. धाकटा मुलगा आपला वाटा मागतो. बाप तो देतो. मुलगा दूर देशी जातो. बाप त्यास बांधून ठेवीत नाही. मुलगा सर्व गमावून परततो. बाप त्यास दुरून पाहतो आणि धावत जातो. एक बाप पुत्राचे तारुण्य मागून घेतो, दुसरा पुत्रास त्याचे तारुण्य देऊन वाट पाहत राहतो. आपल्या गावांतून आज कितीतरी घरे अशी आहेत की, एक मुलगा मुंबईस, एक आखातात, आणि एक घरी आईबापांजवळ, आंब्या-काजूच्या बागेत किंवा होडीवर. दाखल्यातील थोरला भाऊ हाच तो घरी राहिलेला मुलगा. सुटीस आलेल्या भावासाठी घरात जेवणावळी उठतात, आणि वर्षभर राबणाऱ्याची कोणी विचारपूस करीत नाही, ह्याचा त्यास राग येतो. दाखल्यातील बाप त्याच्याकडेही स्वतः बाहेर चालत आला, ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी जाऊन विसरतो. कुडाळात घरची खानावळ चालविणारा एक तरुण होता, चिंतामण त्र्यंबक खानोलकर, वेंगुर्ल्याकडच्या तेंडोलीचा, १९३० साली जन्मलेला. तोच 'आरती प्रभू' ह्या नावाने मराठीतील थोर कवी झाला. जेवणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी त्याच्या मनात डोकावून पाहिले असेल? आपल्या घरी राहिलेल्या मुलाच्या मनात काय आहे, हे आपण तरी पाहिले आहे काय?

कोणी शंका घेईल की, कथाकादंबऱ्यांनी तरुणांची मने बिघडतात. त्यांच्या हाती धर्मग्रंथ द्यावा, तेवढा पुरे. ह्या शंकेस आम्ही आमच्या अधिकाराने उत्तर देत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी वाङ्मयाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. ते प्रथम धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी योजिले होते, परंतु ते सर्वच ख्रिस्ती जनांस लागू आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. त्यात त्यांनी आपला स्वतःचा अनुभव सांगितला आहे. अठ्ठावीस वर्षांचे असताना ते अर्जेंटिनातील सांता फे येथे जेझुइटांच्या शाळेत वाङ्मय शिकवीत होते. नेमलेले जुने वीरकाव्य मुलांस नकोसे वाटे. त्यांस आपल्या काळचा कवी लोर्का हवा होता. तेव्हा त्यांनी ठरविले की, जुने काव्य मुलांनी घरी वाचावे, आणि तासाला त्यांच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलावे. अभ्यास सोडला नाही, आणि मुलांची आवडही झिडकारली नाही. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गास ह्याहून सुलभ वस्तुपाठ कोणता हवा? बिघडविणारी पुस्तके जगात आहेत, हे खरे. परंतु जो मुलगा वडिलांसमक्ष पुस्तक वाचतो, तो त्याविषयी बोलतो. जो चोरून वाचतो, किंवा दार लावून मोबाइलवर काही पाहतो, तो एकटाच त्याच्याशी झुंजतो.

हे कार्य कसे करावे, ह्याचा नमुनाही आपल्या कोकणानेच दिला आहे. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक व छात्रालयाचे प्रमुख होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिची रचना ध्यानात घ्यावी: रोज रात्री प्रार्थना झाल्यावर श्याम सोबत्यांस आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. त्यांत श्यामचे हट्ट आहेत, भित्रेपणा आहे, लबाडी आहे. आणि आईने त्यास न मोडिता कसे वळविले, हेही आहे. पुस्तकाचे यश उपदेशात नसून, मोठा झालेला मनुष्य आपल्या लहानपणाविषयी लहानांपुढे खरे बोलतो, ह्यात आहे.

ह्यावरून आम्ही तीन नम्र सूचना करितो. पहिली पालकांस: रात्रीचा तेर्स झाल्यावर आठवड्यातून एक दिवस तरी कुटुंबाने एखाद्या चांगल्या मराठी पुस्तकाचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर पहिले बोलण्याचा मान घरातील सर्वांत लहानास द्यावा. स्वतःच्या तारुण्यातील धडपड, फजिती व भय ही मुलांस सांगावी. मुलांस आपले यश ठाऊक असते, त्यांस धीर येतो तो आपली अडखळण ऐकून. दुसरी सूचना धर्मशिक्षकांस: दृढीकरणाच्या तयारीत प्रत्येक मुलामुलीने आपल्या आजीआजोबांपैकी एकाची कथा, त्यांच्याच बोलीत ऐकून, लिहून आणावी. वाटेवरच्या खुरसापाशी म्हटली जाणारी लादीन कोणी सुरू केली, मुंबईच्या वाटेवर पहिला पाय कोणी ठेविला, कोणत्या वर्षी होडी बुडाली, ही आपली पुराणे आहेत. ती लिहिली नाहीत तर ती आजींबरोबर जातील. तिसरी सूचना धर्मग्राम मंडळास: महोत्सवाच्या निधीतून एक कपाट घ्यावे, त्यात देवनागरी ख्रिस्तपुराण, 'स्मृतिचित्रे', फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल', खांडेकर, साने गुरुजी, आरती प्रभू, आणि ह्याच जिल्ह्यात जन्मलेले विंदा करंदीकर व मंगेश पाडगांवकर ह्यांची पुस्तके ठेवावी, आणि त्याची किल्ली तरुणांच्याच हाती द्यावी.

तरुण मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुम्हांस. "तू कोणाचो झील?" ह्या प्रश्नाचा तुम्हांस कधी कंटाळा येतो, हे आम्ही जाणतो. तरी त्या प्रश्नास आनंदाने उत्तर द्या. मूळ नसलेले झाड पहिल्याच वादळात आडवे होते, हे आपल्या माडाच्या बागांतून तुम्ही पाहिले आहे. परंतु तेथे थांबू नका. वाचा, विचारा, शंका आली तर ती मंदिराच्या पायरीवर उभे राहून मनात दाबून ठेवू नका. आत येऊन बोला. बारा वर्षांच्या येशूस मंदिरात कोणी गप्प बसविले नाही. तुम्हांसही येथे कोणी गप्प बसवू नये, एवढे वचन आज ह्या सभेतील वडीलधाऱ्यांनी तुम्हांस द्यावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

ज्या पवित्र मातेने न कळलेले बोलही अंतःकरणात जतन केले, ती आपल्या घराघरांतील आईबापांस तसाच धीर देवो. आणि जो नासरेथात ज्ञानाने व वयाने वाढला, तो प्रभू येशू ह्या धर्मग्रामाच्या लेकरांस आपल्या कृपेत वाढवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.